शुभाच्या चाकाखालची माती

चाकाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्न असो, बारसं असो, गणपतीची चवथ असो, चार माणसं जमली आणि पानं वाढायला वेळ असला की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, ती चाकाची गोष्ट होऊ दे की." मग अण्णा, म्हणजे मी, थोडे आढेवेढे घेतो, घसा साफ करतो आणि सांगतो. बारा वर्षं सांगतोय. माणसं अजून हसतात.

पण मी सांगतो ती अर्धीच. उरलेली अर्धी कुणापुढं काढलेली नाही. बायकोपुढं नाही, माझ्या थोरल्या बहिणीपुढं नाही, आणि जिची ती गोष्ट आहे तिच्यापुढं तर नाहीच. मग तुमच्यापुढं का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि तुम्ही हसायच्या तयारीनं बसलेले नाही, हे दुसरं.

माझी ओळख थोडक्यात आटपते. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, रामनगरपासून थोडं आत आमचं गाव. एक ट्रॅक्टर, एक पॉवर टिलर, थोडी भातशेती. दुसऱ्यांची शेतं नांगरून देतो. उरलेल्या वेळात गोष्टी सांगतो, आणि उरलेला वेळ माझ्याकडं पुष्कळ असतो. माझ्या बहुतेक गोष्टींत गाढव मीच असतो. गवा आला म्हणून मी फणसावर चढलो आणि खाली आमचीच म्हैस उभी होती, धार काढायची वाट बघत. किंवा नव्या जावयाला ट्रॅक्टर शिकवायला गेलो आणि दोघंही गोबराच्या खड्ड्यातून घरी आलो. स्वतःला हसणारा माणूस लोकांना मोकळा वाटतो. जो स्वतःची एवढी फजिती सांगतो तो काय लपवणार? हे मला फार लवकर कळलं होतं.

तर शुभा. शुभा माझ्या बहिणीची, अक्काची मुलगी. बेळगावला इंजिनिअरिंग शिकत होती. शेवटच्या वर्षाला तिनं आणि तिच्या वर्गातल्या तिघींनी मिळून एक गाडी करायला घेतली होती. चंद्रावर, मंगळावर सोडतात तसल्या गाडीचा लहान नमुना. बेंगळूरला सगळ्या कॉलेजांच्या अशा गाड्यांची परीक्षा होणार होती. मोकळ्या मातीचं एक अंगण, आठ हात लांब. ते पार करणारी गाडी ज्यांची, त्यांना तिथल्या प्रयोगशाळेत पुढं काम करायला मिळणार. शुभाला ते हवं होतं. किती हवं होतं ते मी सांगत बसत नाही. तिनं बाकी कुठं अर्जच केला नव्हता, एवढ्यावरून ओळखा.

गाडीतलं चाक तिच्या वाट्याचं. आणि चाक म्हटल्यावर तिला मामा आठवला.

ती म्हणाली, "मामा, सगळे वरच्या यंत्राकडं बघतात. खरं गाडी अडकते ती खाली. लिहून घ्या."

"लिहून घ्या" हे तिचं पालुपद. लहानपणापासून. आज पाऊस पडणार न्हाई, लिहून घ्या. मामी ह्या शेंगा जाळणार, लिहून घ्या. आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं, म्हणून मामी तिच्यावर जरा रागच धरून असायची.

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. चाक एकदा फिरलं की त्यानं अमुक इतकं पुढं जायला हवं. कडक रस्त्यावर जातं. सैल मातीत तेवढं जात नाही. जे कमी पडतं ती घसर. आणि घसरणारं चाक नुसतं जागेवर फिरत नाही, तर स्वतःच्या पोटाखालची माती उकरून मागं टाकतं. पुढं जात नाही ते चाक खाली जातं. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला घाबरून रेस देणारा ड्रायव्हर दोन मिनिटांत ट्रॅक्टर पोटापर्यंत पुरतो. मीही पुरलाय, दोनदा. मी तिला म्हणालो, चंद्रावर वजन कमी भरतं म्हणतात, मग चाक कशाला रुतेल? ती म्हणाली, "चाकाचं वजन कमी, तसं मातीचंबी कमीच की मामा. मातीबी तिथं सैलच बसलेली." भाचीपुढं हरण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. तेव्हा नव्हता.

एप्रिल-मेच्या सुट्टीत ती आमच्याकडं आली, तीन चाकं घेऊन. एक गुळगुळीत. एक रुंद, बारीक दातांचं. आणि तिसरं तिचं स्वतःचं, अरुंद, हलकं, त्यावर उंच वाकवलेली पाती. आठ महिने तिनं त्यावर घालवले होते. कागदावर तिनं हिशेब केला होता. हिशेब म्हणत होता, हे चाक सैल मातीत चार बोटं रुतेल आणि अडकेल, दोन बोटं रुंद करा. पण रुंद केलं की वजन वाढणार. आणि हिशेब चुकू शकतो. म्हणून करून बघायचं.

सुप्याच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठाला जी माती उघडी पडते, ती वाळल्यावर मैद्यासारखी होते. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत. ती मी अर्धी ट्रॉली आणली. खळ्यात पसरून वाळवली. मग चाळली. घरातल्या चाळणीनं चाळली, हे पहिल्या दिवशी कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला कळलं.

"हितं पीठ चाळायला चाळण न्हाई, आनि ह्ये चंद्राला चाळालेत!" बायको म्हणाली. "खाताय काय रात्रीला? चंद्रच?"

शुभा हसून हसून खळ्यात बसली. ते दिवस चांगले होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत हे मी नेहमी सांगतो, आणि हे खरं आहे.

फळ्यांचा एक खोका केला. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल. त्यात माती. वर दोन पट्ट्यांवरून सरकणारा सांगाडा, त्यात एक चाक, बारकी मोटार आणि बॅटरी. चाक किती वेळा फिरलं, किती पुढं गेलं, किती बोटं रुतलं, हे सगळं ती वहीत लिहायची. प्रत्येक चाकाच्या बारा बाऱ्या.

माझं काम मातीचं. एक चाक गेलं की खालची माती दाबली जाते. ती तशीच ठेवली तर पुढच्या बारीला चाक फुकटात पुढं जाणार. म्हणून दर बारीनंतर माती दाताळ्यानं तळापर्यंत उकरायची, भुसभुशीत करायची आणि वरून फळी हलकी फिरवून सारखी करायची. शुभानं मला दोनदा बजावलं होतं, "मामा, फळी नुसती फिरवायची. भार द्यायचा न्हाई."

हे तिनं दोनदा का सांगितलं, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. भाताच्या शेतात चिखल झाला की बैलांमागं फळी जुंपतात, आणि त्या फळीवर माणूस उभा राहतो. माणसाचं वजन नसेल तर शेत सपाट होत नाही. मी सहा वर्षांचा असल्यापासून बाबा मला त्या फळीवर बसवायचे. शिकवायला नव्हे, वजन म्हणून. घरात माझी पहिली नेमणूक वजनाचीच. पुढं बैल गेले, टिलर आला, पण फळी दिसली की माझे पाय आपोआप तिच्यावर चढतात.

वहीत तिनं एक रकाना माझ्यासाठी आखला होता. "माती उकरली?" दर बारीला त्यात मी स्वतः लिहायचं. मी लिहायचो "व्हय". ती म्हणायची, मामा, नुसती खूण करा की. मी म्हणायचो, न्हाई, सरकारी काम हाय, अक्षरात पाहिजे.

पहिल्या दिवशी गुळगुळीत चाक. ती दर बारीला मातीत एक विणायची सुई सोडायची, किती आत जाते ते बघायला. माती सैल आहे याची खात्री. दुसऱ्या दिवशी दातांचं चाक. त्या दिवशीही सुई. मी प्रामाणिकपणे उकरत होतो. चोवीस वेळा. पाठीचं जे व्हायचं ते झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज सुई नको मामा. तुमचा हात बसलाय आता."

इथंपर्यंत मी गोष्टीत नेहमी येतो. फक्त सुईचं सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी तिचं चाक. पहिली बारी. चाक हातभर गेलं, जागेवर फिरलं आणि रुतलं. पाती माती उडवत राहिली. शुभानं मोटार बंद केली, बोटं लावून मोजलं. चार बोटं. दुसरी बारी. पुन्हा चार बोटं, जरा जास्तच. तिनं वहीतला आकडा हिशेबाच्या कागदाशी लावून बघितला. मग म्हणाली, "हिशेब बरोबर निघाला. रुंद करायला पाहिजे." आवाजात काही नव्हतं. "लिहून घ्या" म्हणाली नाही. चाक काढून ती विहिरीकडं गेली. दर बारीनंतर ती चाक ब्रशनं साफ करून आणायची, पात्यांत माती अडकू नये म्हणून. पाव तास तरी लागायचा.

त्या पाव तासात मी एकटाच खळ्यात होतो. दाताळं हातात घेतलं, दोनचार ओढी मारल्या. कंबर धरली. दाताळं ठेवलं, फळी टाकली. आणि फळीवर उभा राहिलो.

मुद्दाम? तेव्हा नाही. पाय गेले. लहानपणी गेले तसेच गेले. फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय बदलत बदलत आलो, आणि खाली उतरल्यावर ध्यानात आलं. पृष्ठभाग कसा सुरेख झाला होता. शेत असतं तर बाबांनी मान डोलावली असती.

पुन्हा उकरायला हवं होतं. मला माहीत होतं. विहिरीकडून तिच्या चपलांचा आवाज आला आणि मी वहीत लिहिलं, "व्हय".

चाक गेलं. खोक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, पाती टक टक टक मातीत रोवत, एक बोटसुद्धा रुतलं नाही. शुभा ओरडली. तशी ती आधी कधी ओरडली नव्हती आणि नंतरही नाही. बायको भाकरीच्या हातानं बाहेर आली, शेजारच्या घरातून दोघी आल्या. "गेलं? गेलं व्हय गं?" सगळ्या विचारतायत आणि शुभा मला मिठी मारून रडतेय.

तेव्हा सांगता आलं असतं. "थांब पोरी, फळीवर चढलो बघ मी, म्हातारा." एवढंच. सगळे हसले असते, मीच गाढव ठरलो असतो, आणि गाढव ठरण्यात माझा हात कुणी धरला नसता. मग का नाही बोललो?

मला आजही नीट सांगता येत नाही. कंबर दुखत होती, हे खरं. तिचा चेहरा पुन्हा उतरलेला बघवला नसता, हेही खरं. आणि एक तिसरं, जे मला सांगायला आवडत नाही. गावभर मी सांगून ठेवलं होतं, आमच्या पोरीचं चाक चंद्रावर जाणार, आणि माती मामाची. ते चाक खळ्यातच रुतलं तर गोष्टीचं काय करायचं?

ती शांत झाल्यावर म्हणाली, "मग पहिल्या दोन बाऱ्यांना काय झालं? हिशेबाशी तर जुळलं होतं की."

मी म्हणालो, "बॅटरी उतरली असेल गं. नवी घातलीस न्हवं आता?"

चाक परत बसवताना तिनं बॅटरी खरंच बदलली होती. तिनं तांबडा पेन घेतला आणि त्या दोन ओळी खोडल्या. आणि हिशेबाचा कागद घडी करून वहीच्या मागं ठेवून दिला.

उरलेल्या नऊ बाऱ्यांना मी फळीवर उभा राहिलो. नऊही वेळा. आता पाय आपोआप जात नव्हते, मी नेत होतो. ती विहिरीकडं वळली की चढायचो, चपलांचा आवाज आला की उतरायचो. आणि लिहायचो, "व्हय".

तिनं चाक रुंद केलं नाही. बेंगळूरला गेलो. हो, मीही गेलो. मातीतला माणूस म्हणून तिच्या मैत्रिणींनीच आग्रह केला. शुभानं सोबत पत्र्याच्या चार रुंद पट्ट्या आणल्या होत्या, प्रत्येक चाकाला एक. स्क्रूनं बसवायच्या, दहा मिनिटांचं काम. का आणल्या? हिशेब तिच्या मनातून जात नव्हता म्हणून.

तिथं मैदानात मातीचं अंगण आखलं होतं. आमच्या आधी तीन गाड्या होत्या. दर गाडीनंतर दोन माणसं दाताळी घेऊन यायची, माती तळापर्यंत उकरायची, मग हलक्या हातानं फळी फिरवायची. त्यांच्यातलं कुणीही फळीवर उभं राहिलं नाही. मी कठड्याला धरून बघत होतो. त्या मातीत काय होणार ते तिथल्या सगळ्या इंजिनिअरांच्या आधी मला माहीत होतं.

शुभा माझ्याजवळ आली. हातात त्या पट्ट्या. "मामा, लावू काय पट्ट्या? वजन वाढतंय, खरं…"

आमच्या आधी अजून एक गाडी होती. वेळ होता. तिनं इंजिनिअरला नाही, सरांना नाही, मला विचारलं. कारण माती माझी होती.

मी म्हणालो, "कशाला गं? दहा बाऱ्या धावलंय की."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. खळ्यातलं एक वेळ पायाची सवय म्हणून सोडता येईल. हे कशात घालायचं? इथं फळी नव्हती, कंबर दुखत नव्हती. फक्त "लाव" म्हणायचं होतं. पण "लाव" म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का?

आठ हातांतले दीड हात गाडी गेली. मग चाकं जागेवर फिरली, पात्यांनी माती मागं फेकली आणि गाडी खाली गेली. शुभाच्या मैत्रिणीनं घाबरून वेग वाढवला, मग आणखी खाली गेली. पोट मातीला टेकलं. कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या, त्या लहान मुलांसाठी वाजवतात तसल्या. शुभा गुडघ्यावर बसून चाकाकडं बघत राहिली. बोटं लावून तिनं खोली मोजली. किती भरली ते मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी गप्प बसलेली. तुमकूर गेलं तरी गप्प. मला ते सोसेना. मग मी म्हणालो, "शुभे, एक बघ. सगळ्यांच्या गाड्या पुढं गेल्या, आमची खाली गेली. पाणी लागायच्या आत थांबली, न्हाईतर बेंगळुरात विहीर आमच्या नावावर झाली असती."

ती हसली. डोळे पुसत हसली. तिच्या मैत्रिणीही हसल्या. चाकाची गोष्ट तिथं जन्मली, बसमध्ये, भर दुपारी, आणि तिच्या हसण्यातून मी मला हवं ते घेतलं. तिनं हसून सोडलं म्हणजे सुटलं, असं. तिला काय सोडायचंय हेच तिला माहीत नव्हतं, ही बाब मी बाजूला ठेवली.

तिचं वाटोळं झालं असं समजू नका. तसं झालं असतं तर कदाचित मी पूर्वीच बोललो असतो, की आणखी गप्प बसलो असतो? कुणास ठाऊक. प्रयोगशाळेचं राहिलं. ती बेळगावातच एका कॉलेजात गणित शिकवते. नवरा चांगला आहे, मुलगी दुसरीत. सगळं व्यवस्थित. फक्त "लिहून घ्या" बंद झालं. आता ती बोलायला सुरुवातच करते, "माझं चुकत असेल, खरं…" अशी. आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पाऊस येणार का, तर माझं चुकत असेल खरं, येईल. रामनगरचा फाटा डावीकडं, तर माझं चुकत असेल खरं, डावीकडं. ज्या रस्त्यानं ती शंभर वेळा आली त्या रस्त्याबद्दल! घरातल्या कुणाच्या हे ध्यानात आलेलं नाही. वय वाढलं, नम्र झाली, म्हणतात. अक्का तर खूश आहे.

मी मात्र ते प्रत्येक वेळी ऐकतो. आणि प्रत्येक चवथीला गोष्ट सांगतो.

मध्यंतरी चंद्रावर आपली गाडी फिरली. टीव्हीवर चाकांच्या खुणांची चित्रं आली तेव्हा योगायोगानं शुभा आमच्याकडंच होती. पोरं नाचत होती. बायको म्हणाली, "हिची गाडी गेली असती तर विहिरीवर रहाट बसवून आली असती!" माझंच वाक्य, आता तेही घरचं झालंय. सगळे हसले. शुभा पडद्याजवळ जाऊन उभी राहिली होती. म्हणाली, "किती उथळ गेलंय बघा मामा चाक. कायच रुतलं न्हाई." मग हळूच म्हणाली, "त्यांचा हिशेब जुळला असणार."

मी चहा मागितला.

आणि या चवथीला तिनं वही मागितली. ती वही तेव्हापासून माझ्याकडं आहे, ट्रॅक्टरच्या कागदांच्या पेटीत. तिला ती नजरेसमोर नको होती. आता ती म्हणाली, "मामा, मी पोरींना शिकवताना सांगते की, माझा हिशेब एक सांगत होता, प्रयोग दुसरंच. मी प्रयोगावर विश्वास ठेवला आणि प्रयोगच फसला. मागच्या महिन्यात पुन्हा सगळा हिशेब मांडला बघा. पाच वेळा. चार बोटंच येतायत. माझं चुकत असेल खरं, तुमच्या खोक्यातली माती एवढी शहाण्यागत कशी वागली, ह्ये कोडं सुटत न्हाई. वही बघितली तर कळंल."

पंगत बसलेली. सगळे माझ्याकडं बघतायत, आता काहीतरी येणार म्हणून.

मी म्हणालो, "अगं, जोयड्याची माती ती. घरची लेक आल्यावर रुतवील व्हय?"

पंगत हसली. शुभाही हसली. मग म्हणाली, "आनि वही?"

"वाळवीनं खाल्ली गं," मी म्हणालो. "कवाच."

ती "बरं" म्हणाली आणि भात कालवायला लागली. मी नेमका कधी खोटा झालो असं कुणी विचारलं तर मी खळ्याचं नाव घेत नाही, बेंगळूरचंही नाही. या भाताचं घेतो. बारा वर्षांनी, पुरेसा विचार करून, पाटावर बसून, हसत.

काल पेटी उघडली. वाळवी नाही. सुप्याची माती अजून पानांच्या शिवणीत आहे, बोटाला पिठासारखी लागते. मागं हिशेबाचा कागद, घडी केलेला. तिसऱ्या दिवसाचं पान काढलं. वरच्या दोन ओळी तांबड्या शाईनं खोडलेल्या. चार बोटं. चार बोटं, जरा जास्त. त्या पानावर खऱ्या त्या दोनच.

त्याखाली दहा ओळी, आणि शेवटच्या रकान्यात माझं अक्षर. दहा वेळा "व्हय". अक्षर चांगलं आहे, सरकारी कामासारखं. मी पेन घेतला आणि एकेक करून दहाही खोडले. प्रत्येकापुढं लिहिलं, "न्हाई". खाली जागा होती, तिथं लिहिलं, फळीवर उभा राहिलो. आणि सही केली.

रविवारी ती येणार आहे, मुलीला घेऊन. वही ओसरीवर उघडी असेल, त्या पानावर. पोरं गोष्ट मागतील. मी सांगणार नाही.